विमानतळाचा परवाना: या चुका टाळा

तपासणीची तारीख कळली की विमानतळावर रंगाचे डबे उघडतात. धावपट्टीच्या पांढऱ्या खुणा रंगतात, गवत कापलं जातं, राहिलेली रजिस्टरं एका बैठकीत भरली जातात. डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, एअरोड्रोम (विमानतळ) परवाना असल्याशिवाय नियमित प्रवासी विमानं उतरवता येत नाहीत, म्हणून ही धावपळ. पण तपासणीला येणारा माणूस मुख्यतः एकच गोष्ट ताडून पाहतो: तुम्ही एअरोड्रोम मॅन्युअलमध्ये, म्हणजे विमानतळाच्या सोयी आणि कामाच्या पद्धती नोंदवणाऱ्या पुस्तिकेत, जे लिहून दिलंय, ते जमिनीवर आहे का?

म्हणून पहिली चूक म्हणजे उसनं मॅन्युअल. मोठ्या विमानतळाचं मॅन्युअल आणायचं, नाव बदलायचं आणि सादर करायचं. मग कागदावर तीन अग्निशमन बंब, शेडमध्ये दोन. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मॅन्युअल हातात घ्या, टेप घ्या आणि धावपट्टीच्या एका टोकापासून चालायला लागा. जे दिसत नाही ते खोडा, जे दिसतं आणि लिहिलेलं नाही ते लिहा. दोन दिवस जातात, पण नंतरचे दोन महिने वाचतात.

दुसऱ्या चुकीवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथे जीव जातात. धावपट्टीभोवती सपाट मोकळा पट्टा असतो, त्याला स्ट्रिप म्हणतात. धावपट्टी संपल्यावर ती आणखी 60 मीटर पुढे जाते. ती संपली की रिसा, म्हणजे विमान थांबलं नाही तर त्याला सावरून घेणारी मोकळी जागा, सुरू होते. ती किमान 90 मीटर हवी. मोठ्या जेट विमानांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस 240 मीटरची आहे. हे 90 मीटर धावपट्टीच्या टोकापासून मोजलेले मी अनेकदा पाहिलेत. तसं मोजलं तर खरी रिसा उरते फक्त 30 मीटर! मंगळूरला 2010 मध्ये 158 जण गेले, कोळिकोडला 2020 मध्ये 21. दोन्हीकडे विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं, थांबलं नाही आणि टेकडीवरून खाली गेलं. जागा नसेल तर धावपट्टीची घोषित लांबी कमी करा आणि सुटलेला तुकडा रिसासाठी धरा. हे सांगताना वरिष्ठांचे चेहरे उतरतात, तरीही सांगा.

आणि ही जागा म्हणजे पडीक रान नव्हे. तिथे ठेकेदाराची खडी नको, उघडं गटार नको. एकदा स्ट्रिपमध्ये दिव्याच्या जुन्या खांबाचा काँक्रीटचा पाया सापडला होता, वरून गवताने झाकलेला. माझा बूट आपटला म्हणून कळला. अशा पायाची उभी कड जमिनीखाली किमान 30 सेंटिमीटरपर्यंत उताराने मातीत बुजवावी लागते, नाहीतर रुतलेलं चाक तिथेच मोडतं.

अग्निशमनाची श्रेणी, म्हणजे किती तयारी ठेवायची ती पातळी, विमानाच्या लांबीवरून आणि धडाच्या रुंदीवरून ठरते. एटीआर 72 पाचव्या श्रेणीत बसतं, बोईंग 737-800 सातव्या. पाचव्या श्रेणीच्या तयारीवर एखाद्या दिवशी मोठं चार्टर घ्यायचं ठरतं आणि इथे गडबड होते. एक बंब दुरुस्तीला गेला तर श्रेणी खाली आणा आणि त्याच क्षणी नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना, काढा. ‘संध्याकाळपर्यंत येईल’ म्हणून थांबू नका. धावपट्टीच्या टोकापर्यंत पोचायला कमाल 3 मिनिटं मिळतात. सराव मात्र सकाळी 11 वाजता, सगळे गणवेशात तयार असताना घेतला जातो. न सांगता घ्या, जेवणाच्या वेळी घ्या. एका ठिकाणी असा सराव घेतला तेव्हा वाटेतल्या फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली चहाला गेलेल्या माणसाच्या खिशात.

कुंपणाबाहेरचं आपलं काम नाही, असं समजणं हीही चूकच. सोलापूरला विमानांना अडथळा ठरणारी साखर कारखान्याची चिमणी वर्षानुवर्षं वादात राहिली, 15 जून 2023 ला पाडली गेली आणि गोव्याचं विमान सुरू व्हायला जून 2025 उजाडला. चिमणी उभी राहिल्यावर भांडण्यापेक्षा कुठे किती उंच बांधता येतं ते दाखवणारा रंगीत नकाशा पालिकेच्या नगररचना विभागाच्या टेबलावर आधी पोचवा. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला, जनावरं कापायला बंदी आहे, कारण त्यावर येणारे पक्षी विमानावर आदळू शकतात. घारी कुठून उडतात हे दुर्बिणीने पाहा, मटणाच्या दुकानापर्यंत चालत जा, दुकानदाराशी बोला. नोटीस नंतर.

शेवटी, तपासणीत निघालेल्या त्रुटींचं उत्तर. धावपट्टीवर टायरचं रबर साचलं होतं, धुतलं, फोटो जोडला, त्रुटी बंद. पुढच्या पावसाळ्यात तेच. रबर किती लँडिंगनंतर साचतं, घर्षणाची चाचणी कधी घेतली, धुण्याचा ठेका कधी संपला, हे उत्तरात लिहा, आणि पुढच्या धुण्याची तारीख मॅन्युअलच्या वेळापत्रकात घाला. मॅन्युअलचं पान बदललं की जुनं पान सगळ्या प्रतींमधून काढायला विसरू नका. बंबाच्या केबिनमधल्या प्रतीतूनसुद्धा.