बाळाच्या वजनाचा तक्ता कसा वाचायचा

‘बाळ पंधराव्या पर्सेंटाइलवर आहे’ असं कळलं की घरात पहिली शंका येते ती आईच्या दुधावर. बहुतेक वेळा ती निराधार असते. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. एकाच वयाची शंभर निरोगी मुलं किंवा शंभर मुली घेतल्या, तर पंधराव्या पर्सेंटाइलवरच्या बाळापेक्षा साधारण पंधरा बाळं हलकी असतात आणि बाकीची जड. तक्त्यावर पर्सेंटाइलच्या रेघा असतात; त्यातल्या पन्नासाव्या रेघेखाली निम्मी निरोगी बाळं असणारच.

आधी तक्ता योग्य आहे ना, ते बघा. दोन वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे 2006 चे तक्ते वापरावेत. ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका इथल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांच्या मोजमापांवरून बनवले आहेत. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढतं, मग वेग जरा मंदावतो. वरच्या दुधावरच्या बाळांवर बेतलेल्या जुन्या तक्त्यांवर हीच नैसर्गिक चाल ‘घसरण’ दिसायची. मुलगा आणि मुलगी यांचे तक्ते वेगळे असतात. सहा महिन्यांला मधली रेघ मुलांची 7.9 किलोवर, तर मुलींची 7.3 किलोवर असते. तक्ता चुकला तर निष्कर्षही चुकतो.

मग वजन करण्याची पद्धत. काटा सपाट, टणक जागेवर ठेवा. वर दुपटं अंथरलं असेल तर ते ठेवूनच काटा शून्यावर आणा. बाळाचे कपडे, लंगोट, डायपर सगळं काढा. ओला डायपर सहज शंभर-दोनशे ग्रॅम भरतो. दर वेळी तोच काटा आणि शक्यतो दूध पाजण्याआधीची वेळ ठेवा. मोठ्या माणसाच्या काट्यावर बाळाला घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, हा उपाय महिन्याभराच्या वाढीसाठी फारच ढोबळ आहे. रोज वजन करू नका. पोटात दूध किती आहे, शी झाली की नाही, एवढ्यानेही आकडा हलतो. नवजात अवस्था सरली आणि बाळ ठणठणीत असलं, तर सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा पुरे.

आता खरी गोष्ट: एका ठिपक्यावरून काही ठरत नाही. दोन मुली घ्या. पहिली जन्मतः 2.8 किलो, दोन महिन्यांला 4.5, चार महिन्यांला 5.6, सहा महिन्यांला 6.4. चारही ठिपके पंधराव्या रेघेवर पडतात. मूल लहान चणीचं आहे, पण वाढ उत्तम. दुसरी जन्मतः 3.7, मग 5.9, मग 6.4 आणि सहा महिन्यांलाही 6.4. ती पंच्याऐंशीव्या रेघेवरून पन्नासाव्यावर आणि तिथून पंधराव्यावर आली. शेवटच्या दोन महिन्यांत वजन वाढलंच नाही. सहाव्या महिन्यात काटा दोघींना एकच आकडा दाखवतो, पण डॉक्टरांकडे दुसरीला न्यायचं. म्हणून मागचे आकडे तारखेसकट लिहून ठेवा.

पहिल्या काही दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणं अपेक्षित आहे. दोन आठवड्यांत ते जन्माच्या आकड्यावर परत यायला हवं. पुढे पहिले तीन महिने दिवसाला सरासरी 20 ते 30 ग्रॅम, नंतर हळूहळू कमी. साधारण पाचव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, हा ढोबळ हिशेब. मोठ्या वजनाने जन्मलेलं बाळ पहिल्या काही महिन्यांत रेघ बदलून आईबाबांच्या बांध्याकडे झुकतं, तेव्हा एखादी रेघ खाली येण्याने घाबरू नये. उंची आणि डोक्याचा घेर आपापल्या रेघांवर चालू आहेत ना, हे मात्र सोबत पाहावं. दोन वर्षांपर्यंत उंची झोपवूनच मोजतात आणि त्याला दोन माणसं लागतात. एकट्याने मोजलं की पाय दुमडतात आणि सेंटिमीटरभर उंची हरवते.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर वय सुधारून घ्या. 32 आठवड्यांना जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलं. म्हणून पाच महिन्यांचं असताना ठिपका तीन महिन्यांपाशी द्यायचा. दोन वर्षांपर्यंत हे करायचं. हे राहून गेल्यामुळे कितीतरी बाळं विनाकारण ‘कमी वजनाची’ ठरतात.

वाढ खरोखर अडते तेव्हा कारणं बहुधा साधी निघतात: बाळाला स्तन नीट तोंडात धरता येत नाही, पावडरचं दूध डब्यावरच्या मापापेक्षा पातळ केलं जातं, सहा महिन्यांआधी पाणी पाजून पोट भरतं, किंवा वरचं अन्न म्हणून डाळीचं किंवा भाताचं नुसतं पातळ पाणीच दिलं जातं. वारंवारचा आजारही असतो. तक्त्यावर दोन रेघा ओलांडून घसरण, तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेघेखालचा ठिपका, दोन आठवड्यांनंतरही जन्माच्या वजनाखाली असणं, यांपैकी काहीही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. वजनाच्या नोंदी सोबत न्या. बाळ सुस्त आहे, दूध ओढत नाही किंवा पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू करतंय, तर पुढच्या वजनाच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.