हिरडीच्या कडेची कीड घरी कशी बघावी, कशी थांबवावी

माझ्या सासूबाईंचा वरचा सुळा भाकरीचा घास तोडताना मोडला. दुखलं नाही, रक्तही आलं नाही. ताटात पडलेला तुकडा मी खिडकीशी नेऊन बघितला. टोक शाबूत होतं, पांढरंशुभ्र. मोडला होता तो नेमका हिरडीला टेकतो तिथून, ऊस पेरावर मोडावा तसा. मोडलेल्या जागी तपकिरी, चामड्यासारखं मऊ काहीतरी होतं आणि नखानं खरवडलं की ते सुटून येत होतं. तो तपकिरी डाग मी दोन वर्षं रोज बघत होते. आत्यांनी (सासूबाईंना मी आत्या म्हणते) उभी हयात निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काढली, पहाटे उठून मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावायची सवय तिथलीच. म्हणून मी तो मिश्रीचा डाग समजले. आत्याही म्हणायच्या, "काय दुखालं नाही गं, उगंच पैसे घालवू नको." ती माझी चूक. तुमच्या घरात ती होऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

कीड म्हटलं की आपण दाढेचा वरचा खळगा बघतो. म्हाताऱ्या माणसांची कीड बऱ्याचदा तिथं नसते. वय वाढलं, हिरडी मागे सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं. वरच्या भागावर इनॅमलचं कडक कवच असतं, मुळावर ते नसतं. तिथं पातळ, मऊ थर असतो आणि तो झिजला की आतलं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला मऊसर भाग, उघडं. इनॅमल विरघळायला तोंडातला पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) ५.५च्या आसपास उतरावा लागतो. मूळ मात्र ६.२ ते ६.७ च्या दरम्यानच विरघळायला लागतं, म्हणजे अगदी सौम्य आंबटपणाही त्याला पुरतो. ज्या गोड चहानं चाळीस वर्षं काही केलं नाही, तोच चहा साठीनंतर दात खातो तो यामुळे. शिवाय वयाबरोबर दाताच्या आतली नस आकसते, त्यामुळे ठणका लागत नाही. दुखत नाही म्हणजे बरं आहे, हा हिशेब इथं चालत नाही.

आता बघायचं कसं ते सांगते. महिन्यातून एकदा, सकाळी दात घासून झाल्यावर त्यांना खुर्चीवर बसवा आणि तुम्ही मागे उभ्या राहा. त्यांचं डोकं तुमच्या पोटाला टेकू द्या, मोबाईलची बॅटरी लावा, बोटानं ओठ वर उचला. बघायची जागा एकच, दात आणि हिरडी मिळतात ती रेघ. सुळे, त्यांच्या मागच्या दाढा, खालच्या दातांची आतली बाजू आणि जिथं कवळीची तार अडकते तो दात नीट बघा. पिवळट किंवा फिकट तपकिरी, मळकट, खरखरीत डाग दिसला तर कीड चालू असण्याची शक्यता जास्त. गडद, कडक, चकचकीत डाग हा बऱ्याचदा थांबलेल्या किडीचा असतो. कडक, गुळगुळीत, कुऱ्हाडीनं घाव घातल्यासारखी खाच असेल तर ती बहुतेक आडवं घासून पडलेली झीज असते. सुईनं किंवा पिनेनं टोचून बघू नका. मऊ झालेल्या जागेला टोचलं की तिथंच खड्डा पडतो. तुम्ही फक्त बघा, फोटो काढून ठेवा. ठरवू दे डॉक्टरला.

घासण्याबद्दल आमच्या भागात खूप सांगावं लागतं. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड, मिश्री, यांतलं काहीही उघड्या मुळावर चालत नाही. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ सालीच बंदी आली, पण तव्यावर भाजून डबीत भरलेली मिश्री घराघरात आहेच. आत्यांची मी एका दिवसात सोडवली नाही, सुटलीही नसती. आधी सकाळची राहू दिली, रात्रीची बंद केली, आणि तिच्या जागी पेस्ट आणली. पेस्ट घेताना खोक्यावर सोडियम फ्लोराइड किंवा सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट लिहिलंय का, आणि १००० पीपीएमच्या आसपास आकडा आहे का बघा. जडीबुटीच्या बऱ्याच पेस्टमध्ये दात कडक ठेवणारं हे फ्लोराइड नसतंच.

ब्रश मऊ घ्या. तो हिरडीकडे तिरका धरा, अर्धा दातावर, अर्धा हिरडीवर. जोर न लावता जागच्या जागी थरथरवा, मग पुढच्या दातावर जा. आत्यांचा हात थरथरतो, मूठ आवळत नाही, म्हणून ब्रशच्या दांड्याला मी जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळली. आता धरता येतो. रात्रीच्या घासण्यानंतर फेस थुंकायचा, पण चूळ भरायची नाही. हे त्यांना पटायला महिना लागला. खळखळून चूळ भरली की फ्लोराइड मोरीत जातं, त्याला मुळावर रात्रभर बसू द्यायचं असतं. दातांत फटी असतील तर फटीत घालायचा बारीक ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. आणि कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवायची.

मला सगळ्यात उशिरा कळली ती तोंडाची कोरड. लाळ आम्ल धुऊन टाकते, दाताला खनिज परत देते. बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, तशाच ॲलर्जीच्या आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या लाळ कमी करतात. आत्या रात्री दोनदा पाण्याला उठायच्या आणि घसा ओला राहावा म्हणून उशाशी खडीसाखर ठेवायच्या. कोरडं तोंड आणि त्यात रात्रभर विरघळणारी साखर! उशाशी आता तांब्या असतो, फक्त पाण्याचा. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका, कोरड पडते एवढं डॉक्टरला सांगा. चहा दिवसातून सहा वेळा घोट-घोट घेण्यापेक्षा दोनदाच, बसून, संपवून घ्या. जेवणानंतरचा कुंद्याचा (बेळगावची खव्याची मिठाई) तुकडा चालेल, दुपारभर तो चघळत बसणं नको. चिंच-लिंबू खाल्ल्यावर अर्धा तास तरी ब्रश लावू नका.

डॉक्टरकडे जाताना रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. कीड वरवरची असेल तर फ्लोराइडचं वार्निश (दातावर फासायचा लेप) लावून ती कडक होऊ शकते. खड्डा असेल तर अशा जागी बऱ्याचदा ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट भरतात, ते मुळाला चिकटतं आणि थोडं फ्लोराइडही सोडतं. फार वेळ खुर्चीत बसवत नसेल तर सिल्व्हर डायअमाईन फ्लोराइड नावाचं औषध नुसतं लावता येतं. त्यानं कीड बऱ्याचदा थांबते, पण ती जागा कायमची काळी होते, हे आधी घरात सांगून ठेवा. बेळगावात डेंटल कॉलेज आहे, निपाणीहून एका दिवसात जाऊन येता येतं.

आत्यांच्या दुसऱ्या सुळ्यालाही तसाच डाग निघाला. मऊ होता, वेळेत भरला. परवाच त्यांनी त्याच बाजूनं ज्वारीची भाकरी तोडली.