घोड्याचा रक्तपरजीवी चाचणी अहवाल कसा वाचावा

अहवालात ‘पॉझिटिव्ह’ दिसलं की लगेच इंजेक्शनची घाई नको. आधी घोड्याच्या शरीराने या परजीवीशी काय केलंय ते समजून घ्या.

१. परजीवी कोणता ते बघा. गोचिडांमुळे होणाऱ्या पायरोप्लाझ्मोसिसमागे मुख्यतः दोन परजीवी असतात: बबेसिया कॅबाली आणि थायलेरिया इक्वी. बबेसिया थेट तांबड्या पेशींत शिरतो आणि काही वर्षांनी शरीरातून निघूनही जाऊ शकतो. थायलेरिया आधी पांढऱ्या पेशींत वाढतो, मग तांबड्या पेशींत येतो, आणि घोडा बहुधा जन्मभर वाहक (लक्षणं नसतानाही परजीवी बाळगणारा) राहतो.

२. चाचणी कोणती ते बघा. सगळा घोळ इथेच होतो. रक्ताच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी दिसतो तो प्रामुख्याने तापाच्या दिवसांत. जुन्या वाहकात तो इतका विरळ असतो की पट्टी कोरी निघते. पीसीआर परजीवीचा डीएनए शोधते, एलायझा प्रतिपिंडं, म्हणजे परजीवीविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं. संसर्गानंतर प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून नुकताच ताप आलेल्या घोड्याची एलायझा निगेटिव्ह आली तरी विसंबू नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. कॉम्प्लिमेंट फिक्सेशन ही प्रतिपिंडांचीच आणखी एक चाचणी सुरुवातीचा संसर्ग चांगला पकडते, पण जुन्या वाहकांना हुकते.

३. प्रतिपिंडं म्हणजे सुटका नव्हे. ती परजीवीला आटोक्यात ठेवतात, संपवत नाहीत. प्लीहा संसर्ग झालेल्या तांबड्या पेशी गाळून काढते. प्लीहा काढलेल्या घोड्यांत हाच आजार जीवघेणा ठरतो. पण एकटी प्लीहाही पुरत नाही. जन्मतः लिम्फोसाइट (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) तयार न होणाऱ्या शिंगरांत प्लीहा शाबूत असूनही थायलेरिया आवरला जात नाही.

४. शिंगराचा अहवाल वेगळा वाचा. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं काही महिने टिकतात. एलायझा पॉझिटिव्ह असेल तर पीसीआर करून घ्या.

५. आता घोड्याकडे बघा. ताप, फिकट किंवा पिवळट हिरड्या, गडद लघवी, मंदावलेली भूक यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा. इमिडोकार्ब या परजीवीविरोधी इंजेक्शनची मात्रा परजीवीनुसार बदलते, आणि या औषधाने पोटदुखी व लाळ सुटते. ते स्वतः टोचू नका.

६. निरोगी दिसणारा वाहक असेल तर त्याची सुई दुसऱ्या घोड्याला कधीही वापरू नका, त्याचं रक्त कुणाला देऊ नका, रोज कान, आयाळ आणि शेपटीखाली गोचीड शोधा. अतिश्रम, लांबचा प्रवास किंवा स्टेरॉइडनंतर दबलेला आजार उसळू शकतो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ताप मोजा.