दगडी फरशीसाठी पाण्याचा कटर घेताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरात घराचं काम काढलं की दगड येतोच. अंगणात ग्वाल्हेर मिंट, जिन्याला कोटा, देवघरात मकराना संगमरवर, ओट्याला ग्रॅनाइट. शहराच्या लश्कर भागातल्या जुन्या वाड्यांत तर छतालाही पटिया, म्हणजे दगडाच्या लांब फळ्या, असतात. यातला प्रत्येक दगड पाण्याच्या कटरखाली, म्हणजे ब्लेडवर पाणी सोडत कापणाऱ्या मशीनखाली, वेगळा वागतो. दुकानात मात्र विचारणा होते ती वॅटची आणि किमतीची. दगड कोणता, जाडी किती, सर्वांत मोठी फरशी केवढी, हे कुणी सांगत नाही आणि तिथेच कटर चुकतो.

चूक पहिली: ‘सगळ्याला चालतं’ असं ब्लेड घेणं

मशीनपेक्षा ब्लेड महत्त्वाचं, म्हणून आधी ब्लेडचं बोलू. डायमंड ब्लेडच्या कडेला हिऱ्याचे बारीक कण धातूच्या मिश्रणात रुतवलेले असतात. कापताना दगड तो धातू झिजवतो, बोथट झालेला कण गळून पडतो आणि आतला नवा कण उघडा पडतो. म्हणजे ब्लेडची धार दगडच राखतो. ग्रॅनाइट कठीण, पण धातू फारसा घासत नाही, म्हणून त्याला मऊ धातूचं ब्लेड लागतं. मिंट हा सँडस्टोन. तो कापायला सोपा, पण वाळूच असल्यामुळे धातू खरवडून काढतो. त्याला कडक धातूचं ब्लेड हवं. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशोब असाच आहे.

अदलाबदल झाली तर काय होतं? ग्रॅनाइटचं ब्लेड मिंटवर चालवलं तर ते बघता बघता झिजतं. सँडस्टोनचं ब्लेड ग्रॅनाइटवर लावलं तर थोड्याच वेळात कापणं मंदावतं, ठिणग्या दिसतात, मोटर कण्हू लागते. मग माणूस आणखी जोर लावतो आणि ब्लेड तापून वाकतं. संगमरवर आणि कोटा यांची अडचण निराळी. ते मऊ, त्यामुळे कड उडते. त्यांच्यासाठी खाचा नसलेलं, अखंड कडेचं ब्लेड घ्या. खाचांचं ब्लेड भराभर कापतं, पण मकरान्याची कड दातांनी कुरतडल्यासारखी करतं.

ब्लेड कापेनासं झालं की फेकू नका. प्लग काढा आणि कडेवरून बोट हळू फिरवा. खरखरीत लागली तर ब्लेड ठीक आहे. काचेसारखी गुळगुळीत लागली तर कण धातूत झाकले गेले आहेत. उपाय घराच्या आवारातच पडलेला असतो: सँडस्टोनच्या जुन्या पटियाचा तुकडा घ्या, पाणी चालू ठेवून त्यात ५ मि.मी. खोलीचे सहा-सात काप द्या. धातू घासला जाऊन नवे कण वर येतात. ब्लेडवरचा बाण पुसला गेला असेल तर भिंगातून कड पाहा. प्रत्येक कणामागे धातूचं इवलंसं शेपूट दिसतं. ते शेपूट फिरण्याच्या दिशेच्या मागच्या बाजूला असतं, त्यावरून आधी ब्लेड कुठे फिरत होतं ते कळतं. पुढेही त्याच दिशेने लावा.

चूक दुसरी: माप न घेता मशीन घेणं

१८० मि.मी. ब्लेडचा टेबल कटर (यात ब्लेड टेबलातून वर येतं आणि फरशी त्यावर ढकलायची असते) साधारण ३० ते ३५ मि.मी. खोल कापतो, कारण मधला भाग चकतीने धरलेला असतो. २० मि.मी. ग्रॅनाइटला तो पुरतो, ४० मि.मी.च्या पटियाला नाही. काठ ४५ अंशांत कापायचा असेल तर २० मि.मी.च्या दगडात ब्लेडला २८ मि.मी. अंतर पार करावं लागतं, हेही मोजा.

लांबीत तर हमखास फसगत होते. २२ इंची कोटा सरळ कापायला २२ इंच पुरतात, पण कर्णावर कापायची झाली तर ३१ इंच लागतात. दोन फुटी चौकोनाचा कर्ण ३४ इंचांचा. फरशी तिरकी बसवायची असेल तर रेल असलेला कटर बघा. त्यात मोटर वरून सरकते आणि फरशी जागेवर राहते. जड दगड हाताने ढकलावा लागत नसल्यामुळे काप सरळ येतो. दोन-तीन खोल्यांचं काम असेल तर आमच्या मते हा भाड्याने घेणं बरं. फक्त बाथरूम किंवा ओटा असेल तर टेबल कटर भागवतो.

दुकानात मशीन बंद असताना ब्लेड दोन्ही बाजूंना हलवून पाहा. बेअरिंगमध्ये खेळ जाणवला तर ते मशीन घेऊ नका. गुण्या लावून मार्गदर्शक पट्टी आणि ब्लेडचा कोनही तपासा.

चूक तिसरी: मार्बल कटर (हातात धरायचा छोटा कटर) उलटा बांधून टेबल बनवणं

हे कृपया करू नका. ११० मि.मी.चा हातकटर मिनिटाला सुमारे १३,००० फेरे घेतो आणि ब्लेडच्या कडेचा वेग सेकंदाला ७५ मीटरच्या आसपास जातो. १८० मि.मी.च्या टेबल कटरचा तोच वेग २७ मीटर असतो. शिवाय हातकटर उलटा केला की पाणी थेट मोटरच्या जाळीत उतरतं, संरक्षक कव्हर काढलेलं असतं आणि स्विच कायमचा दाबून ठेवलेला असतो. बोट आणि वीज, दोन्हींचा धोका एकाच जागी येतो.

ब्लेडच्या भोकाचं मापही बघून घ्या. हातकटरला बहुतेक वेळा २० मि.मी., मोठ्या कटरला २५.४ मि.मी. लागतं. मोठ्या भोकाला टेप गुंडाळून बसवलेलं ब्लेड डगमगतं. त्यासाठी भोक लहान करणारी रिडक्शन रिंग मिळते, तीच वापरा.

वीज आणि पाणी

१५०० वॅटचा कटर २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो, सुरू होताना त्याहून जास्त. त्याला १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ चौरस मि.मी. तांब्याची एक्स्टेन्शन वायर आणि चालू अर्थिंग हवं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, मग कटर लावा. वायरचा मधला भाग प्लगपेक्षा खाली लोंबत ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता तिथेच टपकेल. व्होल्टेज पडलेलं असताना कापू नका. मोटर जास्त करंट ओढते आणि जळते.

पाणी दुधासारखं दाट झालं की बदला. त्यातली वाळू पंपाचा पंखा खाते आणि नळीचं तोंड बुजवते. ग्रॅनाइट कापलेल्या पाण्यात मकराना तर मुळीच कापू नका, आणि ट्रे गंजलेला असेल तर आधी तो बदला. पांढऱ्या दगडात शिरलेला गंज सहजी निघत नाही. कापलेला तुकडा लगेच स्वच्छ पाण्याने धुवा.

कापताना बिघडतं ते

शेवटचा कोपरा तुटतो, कारण कापून सुटणाऱ्या तुकड्याला खालून आधार नसतो. दोन्ही बाजूंना समान उंचीचा आधार द्या. आधी पलीकडच्या टोकाकडून दीड-दोन इंच काप घ्या, मग फरशी फिरवून उरलेला पूर्ण करा. स्विच किंवा नळासाठी एल आकाराचा काप असेल तर आतल्या कोपऱ्यात ६ ते ८ मि.मी.चं भोक डायमंड बिटने आधी पाडा. तो कोपरा टोकदार राहिला तर तिथूनच तडा जातो. कोटा आणि स्लेट थरांचे असतात, त्यामुळे घाईने ढकलले की कडेचा पापुद्रा सुटतो. खुणेची रेघ पाण्यात वाहून जाते म्हणून मास्किंग टेप लावून तिच्यावर आखा. रंगीत मार्कर संगमरवरावर नको.

कापून झाल्यावर

मिंटची धूळ म्हणजे बहुतांशी सिलिका. ती श्वासातून वर्षानुवर्षं आत गेली तर सिलिकोसिस होतो आणि फुप्फुसांचं झालेलं नुकसान भरून येत नाही. पाणी धूळ खाली बसवतं, पण अंगणात वाळलेला तोच गाळ झाडला की ती पुन्हा हवेत उडते. म्हणून गाळ ओला असतानाच पुसून घ्या आणि एन ९५ मास्क शेवटपर्यंत काढू नका. ट्रेमधलं पाणी नालीत ओतू नका, पाइपमध्ये गाळ बसून मोरी तुंबते. बादलीत रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी काढून टाका, खालचा लगदा जुन्या सिमेंटच्या गोणीत भरून मलब्याबरोबर द्या.