जिताडा लागत नाही? या चुका टाळा

खाडीवर नवखा माणूस आला की पहिला गळ मधोमध, जमेल तितका लांब फेकतो. जिताड्यासाठी हीच सगळ्यात मोठी चूक. हा मासा भक्ष्याच्या मागे धावत सुटणारा नव्हे, दबा धरून बसणारा आहे. तिवरांची मुळं, पुलाचे खांब, खारबंदिस्तीची उघाडी (बांधातून पाणी आत-बाहेर करणारी दारं), बुडालेला ओंडका असा आडोसा धरून तो उभा राहतो. प्रवाहाचा जोर आडोशावर पडतो आणि खाणं आपोआप तोंडापुढून जातं. म्हणून लूर (माशासारखं दिसणारं नकली आमिष) किंवा जिवंत कोळंबी आडोशाच्या हातभर अंतरातून गेली पाहिजे. दोन-चार लूर अडकून तुटतील, ते धरूनच चालायचं.

दुसरी चूक वेळेची. भरती पूर्ण भरून पाणी थांबलं की तासन्‌तास बसण्यात अर्थ नाही. ओहोटी लागली की कांदळवनात शिरलेली बोय मासळी आणि कोळंबी बारीक ओहोळांतून खाडीत उतरू लागते. त्या ओहोळाच्या तोंडाशी जा. गढूळ आणि स्वच्छ पाण्याची रेघ दिसली तर तिथेच थांबा. थंडीत पाणी गार पडलं की हा मासा सुस्तावतो, तेव्हा लूर अगदी हळू ओढा.

मासा लागतो पण दोरी तुटते? त्याच्या कल्ल्यांचं झाकण पात्यासारखं धारदार असतं आणि तोंड कानशीसारखं खरखरीत. उडी मारून डोकं झटकताना साधी दोरी कापली जाते. पुढे 40 ते 60 पौंडाचा लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा, बांधाच. उडीच्या वेळी दोरी सैल पडू देऊ नका. मासा सोडवतानाही बोटं कल्ल्यांपासून दूर ठेवा.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट, मोठा जिताडा परत पाण्यात सोडताना होणारी हेळसांड. गोव्यात चोणक म्हणतात तो हाच. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे मीटरभर लांबीचा जिताडा बहुतेक वेळा मादीच असते, आणि पावसाळ्याच्या सुमारास ती खाडीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्यात अंडी घालायला उतरते. तिला जबड्याला धरून उभी लटकवून फोटो काढू नका, मणक्यावर आणि जबड्यावर ताण येतो. ओल्या हातांनी पोटाखाली आधार द्या, आडवी धरा, डोकं प्रवाहाकडे करून पाण्यात ठेवा. शेपटी मारून ती स्वतःहून निघेपर्यंत हात काढू नका.