काँट्रा दोघांनी खेळताना: एस कुणाचा, पुढे कोण

उघड्या छातीचे दोन पिळदार जवान, परग्रहावरून आलेली फौज आणि शेवटी धडधडणारं एक भलंमोठं राक्षसी काळीज. काँट्रा या व्हिडिओ गेमची गोष्ट एवढीच. जपानी कथेत साल 2633 आणि जागा न्यूझीलंडजवळची बेटं. सगळंच भडक, पण खेळ ते इतक्या मनापासून मांडतो की मला अजूनही त्यात रंगून जायला होतं. एकट्याने खेळलात तर अर्धीच मजा. हा खेळ दोघांचाच.

जपानी कंपनी कोनामीने 1987 मध्ये तो आधी आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी काढला, पुढच्या वर्षी घरच्या कन्सोलवर आला. आज तो 2019 च्या ‘काँट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये सहज खेळता येतो. त्यात आर्केडचाही अवतार आहे, पण सुरुवात घरगुती आवृत्तीपासून करा. आर्केडचा पडदा उभा आणि अरुंद होता, आडव्या टीव्हीवर दोघांना तो चिमटल्यासारखा वाटतो.

निळ्या पँटचा बिल पहिल्याचा, लाल पँटचा लान्स दुसऱ्याचा. सोबतचा मित्र नवा असेल तर मी कोड टाकतेच, आणि तुम्हीही बिनधास्त टाका. सुरुवातीच्या स्क्रीनवर वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. मग दोघांसाठी सिलेक्ट आणि स्टार्ट. प्रत्येकाला तीनाऐवजी 30 लाइफ मिळतात. हा कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी 1986 च्या ग्रेडियस या खेळासाठी घातला होता, खेळ तपासताना मरायला लागू नये म्हणून. इथे एक गोळी लागली की माणूस खलास, त्यामुळे नवख्याला तीन लाइफवर बसवणं म्हणजे त्याला पाच मिनिटांत उठवून लावणं.

आता मुख्य गोष्ट: बोलत राहा. गोळी एकमेकांना लागत नाही, पण बंदूक मात्र ज्याने आधी उचलली त्याची. उडत्या डबीतून एस पडला की दोघंही धावतात आणि तिथेच घात होतो. एस म्हणजे पंख्यासारख्या पसरणाऱ्या पाच गोळ्या, खेळातली सर्वांत भारी बंदूक. आमच्यात नियम असा: ज्याच्याकडे साधी बंदूक आहे एस त्याचा, आणि ज्याच्याकडे एस आधीच आहे त्याने दूर उभं राहायचं. मेलं की बंदूक जाते, त्यामुळे हिशेब आपोआप फिरत राहतो.

बाकीच्या अक्षरांचंही समजून घ्या. एम म्हणजे मशीनगन, ती असेल तर बटण दाबून धरा. एफचा आगीचा गोळा गिरक्या घेत जातो, लांबच्या नेमाला निरुपयोगी. एल म्हणजे लेझर, आणि त्याच्यावर माझा जीव आहे, पण बटण बडवायचं नाही: आधीचा किरण पोचायच्या आत पुन्हा दाबलंत की तो विरतो. एक दाबा, लागू द्या, मग दुसरा. बॉसपुढे, म्हणजे लेव्हलच्या शेवटच्या मोठ्या शत्रूपुढे, एस असलेल्याने अगदी जवळ जावं, पाचही गोळ्या एकाच जागी बसतात.

पहिल्या लेव्हलमध्ये पूल पायाखाली फुटत जातो, तिथे मागच्याने रेंगाळू नये. पडलात तरी खाली पाणीच आहे, पाण्यात खालचं बटण दाबलं की डुबकी मारून गोळ्या चुकवता येतात. दुसऱ्या आणि चौथ्या लेव्हलला आपण शत्रूच्या तळाच्या आत, भिंतीकडे तोंड करून असतो. तिथे झोपलात की बऱ्याच गोळ्या डोक्यावरून जातात. भिंतीवरचे गाभे फोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून एकाने सैनिक आवरावेत आणि दुसऱ्याने गाभे.

खरी परीक्षा तिसरी लेव्हल, धबधबा. पडदा वर सरकतो तो वरच्या खेळाडूमागे, आणि जो खाली राहतो तो पडद्याबाहेर जाऊन मरतो. दोष कुणाचा यावर मैत्री डळमळते, म्हणून आधीच ठरवा: जो हळू आहे त्याने पुढे चढायचं. वेगवान माणूस खाली थांबला तर दोघंही जगतात. उडी मारण्याआधी माझी मैत्रीण “आले” म्हणते, ती पोचली की मी उडते. हे शब्द छोटे आणि ठरलेले असू द्या, लांब वाक्य संपेपर्यंत पाय निसटलेला असतो.

एकाचे सगळे लाइफ संपले तर तो दुसऱ्याच्या साठ्यातला एक घेऊन परत येऊ शकतो. विचारून घ्या. नाहीतर बॉसच्या तोंडावर दोघंही रिकामे.

बर्फ, आगीचे झोत, काटेरी भिंती हे पुढचे टप्पे पाठांतराचे आहेत, तिथे नुसती घाई टाळा. शेवटच्या काळजापाशी मात्र कामं नक्की वाटून घ्या: आजूबाजूच्या अंड्यांतून किडे सुटतात, ते एकाने वेचायचे आणि दुसऱ्याने काळजावर सतत मारा करायचा. एस किडेवाल्याकडे द्या, त्याला पसरट मारा लागतो. शेवटी पडद्यावर येणारी खेळ बनवणाऱ्यांची नावं संपली की खेळ पुन्हा पहिल्या लेव्हलपासून, आणखी कठीण होऊन सुरू होतो. त्या फेरीत कंट्रोलर बदलून घ्या आणि धबधब्यावर पुढे कोण चढणार ते नव्याने ठरवा.