परळला लेकराला घेऊन जाताय? राहायची सोय पहिल्याच दिवशी विचारा

मुलाच्या कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पहिल्यांदा गेलात की केसपेपर झाल्याझाल्या एक काम करा: मेडिकल सोशल वर्करला (रुग्णालयातल्या समाजसेवकाला) भेटा आणि राहायची अडचण स्पष्ट सांगा. संकोच करू नका. आपल्याकडची माणसं इथेच गप्प बसतात आणि चार दिवस लॉजवर पैसे घालवतात.

परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही जुनी, भरवशाची ठिकाणं. लहान मुलांसाठी सेंट ज्यूड चाइल्डकेअर सेंटर्स आहेत. २००६ पासून ते मूल आणि आईवडिलांना मोफत ठेवून घेतात. जागा मात्र मोजक्या. म्हणून एकाच ठिकाणी नाव देऊन थांबू नका. रुग्णालयाचं पत्र, फाइल आणि सगळ्यांच्या आधार कार्डच्या चार-चार झेरॉक्स पिशवीत तयार ठेवा. गेटबाहेर कुणी ‘खोली मिळवून देतो’ म्हणत पैसे मागितले, तर देऊ नका.

खोली बघताना भाड्याआधी स्वयंपाकाची सोय बघा. केमोनंतर (कॅन्सरच्या औषधांनंतर) पांढऱ्या पेशी घटतात आणि जंतुसंसर्ग लवकर होतो, तेव्हा बाहेरचं खाणं नकोच. गरम मऊ भात, वरण, उकळून गार केलेलं पाणी एवढं तरी स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे. संडास स्वच्छ हवा, जिने कमी हवेत. केमो घेतलेलं मूल तिसऱ्या मजल्यावर कडेवर न्यावं लागतं, हे आधी लक्षातच येत नाही.

उशाशी थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालयात निघा.